दोन जिवांची जत्रा

जत्रा ही महाराष्ट्राला नवी नाहीं. गांवदेवीचा उत्सव असो कीं शिवरात्रीचा मेळा असो, देवदर्शन झालें कीं मुलांचे पाय आपोआप पाळण्यांकडे वळतात, आणि लांकडी घोड्यावर बसलेल्या लेंकराकडे पाहत आई खालीं उभी राहते. त्या उभ्या राहणाऱ्या आईचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. त्यांतून ती दोन जिवांची असेल, तिच्या कडेवर दोन वर्षांचें मूल असेल, आणि जत्रा गांवच्या माळावरची नसून कित्येक एकरांत पसरलेल्या, यंत्रांनीं गजबजलेल्या एखाद्या क्रीडानगरीची असेल, तर प्रश्न अधिकच बिकट होतो. तिनें जावें कीं न जावें? जावें तर कसें जावें? आणि गेल्यावर काय करावें, काय टाळावें? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

विषय लहान दिसला तरी तो क्षुल्लक नव्हे. ज्या घरांत पहिलें मूल दोन वर्षांचें आहे आणि दुसरें वाटेवर आहे, त्या घराला पुढें वर्षभर तरी उसंत मिळणार नसते. पहिल्या मुलाचे एकुलतेपणाचे हे शेवटचे महिने. उद्यां आईच्या मांडीचा वांटेकरी येणार. तत्पूर्वीं एक दिवस केवळ त्याचा म्हणून त्याला द्यावा, असें आईबापांना वाटतें. उलट घरांतील वडीलधारी मंडळी म्हणतात, “अशा दिवसांत गर्दींत कशाला जावें? मुलाला काय कळतें?” दोन्ही बाजूंच्या बोलण्यांत प्रेमच असतें, परंतु दोन्हींकडे पुरेशी माहिती असतेच असें नाहीं. माहिती मिळाली म्हणजे भांडण पुष्कळसें आपोआप मिटतें.

आपल्या जुन्या चालीरीतींकडे या दृष्टीनें पाहिलें तर एक गंमत दिसते. गरोदर स्त्रीनें घरांत कोंडून राहावें, असें आपल्या रूढींनीं कधींच म्हटलें नाहीं. डोहाळजेवणाचे प्रकार आठवावे. कोणी तें बागेंत करतात, कोणी नावेंत, कोणी चांदण्यांत, कोणी फुलांनीं सजवलेल्या झोपाळ्यावर. बाग, नाव आणि झोपाळा! आजच्या क्रीडोद्यानांतल्या निम्म्या गोष्टी यांत आल्याच. मात्र त्या झोपाळ्याचा झोंका मंद असतो, ती नाव संथ पाण्यावर चालते, आणि भोंवतीं काळजी घेणारीं माणसें असतात. मंद गति, सांवली आणि सोबत, हें त्या चालीमागचें शहाणपण आहे. यंत्रयुगांतल्या जत्रेंतहि तेंच शहाणपण उपयोगी पडतें.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पुण्याची एक मुलगी लग्न होऊन कॅलिफोर्नियांतील सॅन होजे शहरीं गेली आहे. तिला दोन वर्षांचा मुलगा आहे, आणि आतां पांचवा महिना चालूं आहे. सासूबाई पुण्याहून मुद्दाम आल्या आहेत. साडेतीनशें मैलांवर अ‍ॅनाहाइम येथें डिस्नेलँड हें जगप्रसिद्ध क्रीडोद्यान आहे. मुलगा म्हणतो, “आई, चार दिवस रजा आहे, जाऊन येऊं.” सासूबाई सुनेकडे पाहून म्हणतात, “अग, तुला झेपेल का? डॉक्टरांना विचारलंस का?” हा दुसरा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा, आणि सर्व गोष्टींचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

डॉक्टरांचें मत साधारणतः असें असतें. प्रकृति निकोप असेल तर प्रवासाला सर्वांत अनुकूल काळ म्हणजे मधले महिने, चौदाव्या आठवड्यापासून अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंतचे. पहिल्या तिमाहींतील मळमळ व ग्लानि बहुधा ओसरलेली असते, आणि शेवटच्या महिन्यांतील जडपणा अद्यापि आलेला नसतो. परंतु ज्या स्त्रीला रक्तस्राव झाला आहे, जिची वार गर्भाशयाच्या मुखावर आलेली आहे, जिचा रक्तदाब वाढलेला आहे, किंवा जिची मागील प्रसूति वेळेपूर्वीं झाली होती, तिनें डॉक्टरांच्या स्पष्ट अनुज्ञेवांचून घर सोडूं नये. अशा वेळीं हौस एक वर्ष पुढें ढकलण्यांत कांहींच बिघडत नाहीं. उद्यान कोठें पळून जात नाहीं.

मोटारींतून जावयाचें तर पट्टा अवश्य बांधावा. गरोदरपणांत पट्टा नको, ही समजूत चुकीची व घातक आहे. खालचा पट्टा पोटावरून न घेतां पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून घ्यावा, आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून जाऊं द्यावा. दर दोन तासांनीं गाडी थांबवून थोडें चालावें. गरोदरपणांत रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढलेली असते. पाय लोंबते ठेवून तासन् तास बसणें त्यामुळें बरें नव्हे.

आतां त्या उद्यानाचीच थोडी हकीकत पाहूं. निव्वळ करमणुकीसाठीं बांधलेलीं उद्यानें युरोपांत जुनीं आहेत. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील टिव्होली १८४३ सालीं उघडलें आणि तें आजहि चालूं आहे. अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने यांनीं जें उद्यान उभारलें, त्याच्या मुळाशीं एक बांक आहे. आपल्या दोन मुलींना घेऊन ते लॉस एंजल्स येथील ग्रिफिथ पार्कमध्यें जात. मुली चक्राकार फिरणाऱ्या घोड्यांवर बसत, आणि वडील बांकावर बसून शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत राहत. मुलें खेळतात आणि आईबाप नुसते पाहतात, असें कां? दोघांनाहि एकत्र रमतां येईल अशी जागा कां नसावी? हा विचार त्या बांकावर सुचल्याचें डिस्ने स्वतः सांगत असत. पुढें अ‍ॅनाहाइम येथें संत्र्यांच्या बागांची जमीन घेऊन त्यांनीं उद्यान बांधलें, आणि १७ जुलै १९५५ रोजीं तें उघडलें.

त्या पहिल्या दिवसाची कथा प्रत्येक गरोदर स्त्रीनें ऐकून ठेवण्याजोगी आहे. उष्णमान सुमारें १०० अंश फॅरनहाइट होतें. नव्यानें घातलेलें डांबर उन्हानें इतकें मऊ झालें कीं, त्यांत स्त्रियांच्या उंच टाचा रुतूं लागल्या. त्यांतच नळकामगारांच्या संपामुळें पिण्याच्या पाण्याचे नळ आणि शौचालयें हीं दोन्ही कामें वेळेवर पुरीं होण्याजोगीं नव्हतीं. एकाचीच निवड करावयाची होती, आणि डिस्ने यांनीं शौचालयें निवडलीं. गरोदर स्त्रीला या दोन्हींपैकीं एकावांचूनहि भागत नाहीं, हें सांगावयास नकोच! पाणी, सांवली, पायांतलें पायताण आणि हाताशीं असलेलें शौचालय, या चार गोष्टींवर दिवसाचें सुख अवलंबून असतें, हा त्या दिवसाचा धडा. आज तेथें या सोयी उत्तम आहेत. खाद्यपदार्थांच्या दुकानांत मागितलें तर पिण्याचें थंड पाणी फुकट मिळतें, आणि घरचा खाऊ बरोबर नेतां येतो. सासूबाईंनीं केलेले लाडू येथें कामीं येतात. कारण थोडें थोडें आणि वरचेवर खाणें हें या दिवसांत एकदांच भरपेट जेवण्यापेक्षां पोटाला मानवतें.

यानंतर मुख्य प्रश्न यंत्रांचा. उंचावरून वेगानें कोसळणाऱ्या, एकाएकीं वळणाऱ्या आणि गचकन् थांबणाऱ्या गाड्या गर्भवतीला वर्ज्य कां? गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे. तो ताणला जातो व पूर्ववत् होतो. त्याच्या आंतल्या भिंतीला चिकटलेली वार मात्र तितकी लवचिक नसते. शरीर वेगांत असतां एकाएकीं थांबलें, तर गर्भाशयाची भिंत एका तऱ्हेनें हलते आणि वार दुसऱ्या तऱ्हेनें. अशा वेळीं वार भिंतीपासून सुटण्याची भीति असते. मोटारींच्या अपघातांत असें घडल्याचें डॉक्टरांनीं पाहिलेलें आहे. पाळण्यांच्या बाबतींत गर्भवतींवर प्रयोग करून पाहणें कोणालाहि शक्य नाहीं, आणि तें योग्यहि नाहीं. म्हणून अपघातांवरून धडा घेऊन निषेध पाळला जातो. शिवाय माणूस फेंकलें जाऊं नये म्हणून जो लोखंडी दांडा मांडीवर घट्ट बसवतात, तो नेमका पोटापाशीं येतो. चार मिनिटांच्या थरारासाठीं एवढी जोखीम कोणी घ्यावी?

यांत फसगत होते ती सौम्य दिसणाऱ्या यंत्रांची. डिस्नेलँडमध्यें स्टार टूर्स या नांवाचा एक खेळ आहे. बाहेरून पाहिलें तर ती एक बंद खोली. पडद्यावर चित्र दिसतें आणि आपण अंतराळांत चाललों आहों असा भास होतो. कोणासहि वाटेल कीं, यांत काय भय? परंतु ती खोली आंतल्या आंत जोरानें हिंदकळते, आणि गर्भवतींना तेथें मज्जाव आहे. म्हणून प्रत्येक दारावरची पाटी शांतपणें वाचावी, आणि शंका आली तर तेथील सेवकाला विचारावें. विचारण्यांत संकोच मुळींच नसावा.

येथें एक सुखद योगायोग मात्र घडून येतो. जीं यंत्रें आईला वर्ज्य, तींच बहुतेक बाळालाहि वर्ज्य असतात. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारणतः ३४ इंच असते. स्पेस माउंटन या गाडीसाठीं किमान ४० इंच, मॅटरहॉर्नसाठीं ४२ इंच, आणि इंडियाना जोन्सच्या गाडीसाठीं ४६ इंच उंची लागते. म्हणजे आई आणि मूल दोघेंहि एकाच बाजूला राहतात. कोणी कोणासाठीं त्याग केल्याचा आव आणण्याचें कारण उरत नाहीं. तीन वर्षांखालील मुलाला तिकीटहि पडत नाहीं. बापाला त्या गाड्यांचा मोह असेल तर त्यानें एकदां खुशाल जाऊन यावें. तेवढा वेळ सासूबाई, सून आणि नातू यांनीं सांवलींतल्या बांकावर बसून आइसक्रीम खावें. ज्या बांकावरून या सर्वांचा उगम झाला, त्या बांकाचा मान अशा रीतीनें राखला जातो.

मग या तिघांसाठीं उरतें काय? पुष्कळ उरतें. उद्यानाला वळसा घालणारी वाफेची आगगाडी १९५५ पासून धांवते आहे. तींत बसलें कीं पायांना विश्रांति मिळते आणि मुलाला शिटी ऐकूं येते. मार्क ट्वेन या नांवाची आगबोट तितकीच जुनी असून ती कृत्रिम नदींतून संथपणें फिरते. “इट्स अ स्मॉल वर्ल्ड” हा बाहुल्यांचा नौकाप्रवास १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनासाठीं बनवला गेला आणि १९६६ सालीं डिस्नेलँडमध्यें आला. पंधराएक मिनिटें थंड सांवलींत, मंद पाण्यावरून नाव जाते. दोहों बाजूंस देशोदेशींच्या पोषाखांतल्या बाहुल्या गातात. नावेंतल्या डोहाळजेवणाची आठवण पुण्याच्या सासूबाईंना येथेंच येईल. लांकडी घोड्यांचें चक्रहि आहे. तेथें मुलाला घोड्यावर बसवून धरून उभें राहण्याचें काम बापाकडे द्यावें. कारण घोड्यावर चढतां उतरतां किंवा मुलाला वर उचलतां आईचा तोल जाण्याचा संभव असतो.

तोल जाण्याची ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पोट जसें पुढें येतें तसा शरीराचा गुरुत्वमध्य सरकतो, आणि त्याच वेळीं सांधे बांधून ठेवणारे बंध सैल झालेले असतात. दोन वर्षांचें मूल सुमारें बारा किलो वजनाचें. दिवसभर तें कडेवर घेऊन हिंडणें आईच्या कमरेला सोसत नाहीं. म्हणून बाबागाडी अवश्य न्यावी किंवा तेथें भाड्यानें घ्यावी, आणि ती ढकलण्याचें काम इतरांनीं करावें. मूल “आईच पाहिजे” म्हणून हट्ट धरील, आणि तें धरीलच, तेव्हां आईनें वांकून त्याला उचलण्याऐवजीं स्वतः बसावें, व त्याला मांडीवर येऊं द्यावें. मुलाला आईची उंची नको असते, जवळीक हवी असते.

रांगेंत उभें राहणें हें चालण्यापेक्षांहि अवघड. या दिवसांत शरीरांतील रक्ताचें प्रमाण जवळ जवळ दीडपट होत जातें, आणि रक्तवाहिन्या सैलावतात. एका जागीं उभें राहिलें कीं रक्त पायांत साचतें आणि डोळ्यांपुढें अंधारी येते. उभें राहणें अटळच असेल तर टाचा वरखालीं कराव्या, पाय बदलत राहावें. चक्कर येईलसें वाटतांच लाज न धरतां खालीं बसावें. भ्रमणध्वनीवर आतां प्रत्येक खेळाच्या रांगेला किती मिनिटें लागतील हें आधींच समजतें. पाऊण तासाची रांग दिसली कीं तो बेत सोडून द्यावा. उन्हाचा ताप तर दोघांनाहि वाईट. अंगांतलें पाणी कमी झालें कीं गर्भाशय आकुंचन पावूं लागतो, आणि लहान मुलाला आपण तहानलों आहों हें धड सांगतांहि येत नाहीं.

बाळाच्या मनाचा विचारहि करावयास हवा. मोठीं माणसें किल्ला पाहण्यासाठीं हजारों मैलांवरून येतात. तो किल्ला वस्तुतः अवघा ७७ फूट उंच. वरचे भाग मुद्दाम लहान बांधल्यामुळें तो अधिक उंच भासतो. मुलाला या कारागिरीचें सोयरसुतक नसतें. त्याला तेथील बदकें दिसतात, कारंज्याचे तुषार दिसतात, जमिनीवर सांडलेल्या लाह्या टिपणारी चिमणी दिसते. ज्या उंदराचें चित्र तें घरीं दिवसभर कवटाळून बसतें, तोच उंदीर माणसाएवढा होऊन समोर येतांच तें किंचाळून बापाच्या पायांना मिठी मारतें. अशा वेळीं छायाचित्रासाठीं त्याला पुढें ढकलूं नये. अंधारे बोगदे आणि रात्रीचें दारूकाम यांनींहि पुष्कळ मुलें घाबरतात. मुलाच्या खिशांत किंवा मनगटावर बापाचा दूरध्वनि-क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे गर्दींत हात सुटला तरी अनर्थ टळेल.

दिवसाची आंखणी दोन झोंपांभोंवतीं करावी. एक बाळाची, दुसरी आईची. दारें उघडतांच आंत जावें. ऊन चढेपर्यंत तीन चार गोष्टी होतात, आणि तेवढ्या पुरे आहेत. मुख्य रस्त्याच्या शेवटीं लहान मुलांच्या मातांसाठीं स्वतंत्र जागा आहे. तेथें मुलाचे कपडे बदलतां येतात, निवांत बसून त्याला भरवतां येतें. दुपारीं मुक्कामाच्या ठिकाणीं परत यावें, दोघांनींहि झोंपावें. संध्याकाळीं उत्साह वाटला तर पुन्हां जावें, न वाटला तर जाऊं नये.

हें सांगणें सोपें, करणें कठीण. आणि खरी मेख येथेंच आहे. तिकिटांना पैसे मोजलेले असतात. रजा काढलेली असते. बापाला वाटतें, एवढ्या लांब आलों तर सगळें पाहून घ्यावें. आईच्या पायांवर सूज आलेली असते, कंबर भरून आलेली असते, पण आपल्यामुळें इतरांचा विरस होऊं नये म्हणून ती हंसून म्हणते, “मी ठीक आहे.” आपल्या घरोघरच्या स्त्रियांना ही सवय फार जुनी आहे, आणि गर्भारपणांत ती धोक्याची आहे. म्हणून निघण्यापूर्वींच घरांत एक करार व्हावा: आई “पुरे” म्हणाली कीं पुरे. त्यावर चर्चा नाहीं, आर्जव नाहीं, आणि नंतर टोमणाहि नाहीं. सासूबाईंनीं हा करार करून दिला तर फारच उत्तम. कारण सुनेच्या वतीनें थांबण्याचा हुकूम सासूनें सोडला, तर तो मोडण्याची मुलाची छाती होत नाहीं!

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं तीं दिसतांच कराराचीहि वाट पाहूं नये. रक्त दिसणें, पाण्यासारखा स्राव होणें, ठराविक अंतरानें पोट आवळून येणें, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढें काजवे चमकणें, विसाव्यानें न थांबणारी चक्कर, किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावणें, यांपैकीं एकहि गोष्ट घडली तर तेथील प्रथमोपचार-केंद्र गांठावें आणि तडक रुग्णालयांत जावें. निघण्यापूर्वीं तपासणीचे कागद जवळ ठेवावे आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता पाहून ठेवावा.

यासाठीं कॅलिफोर्नियालाच जावें असें नाहीं. खोपोलीजवळ २०१३ सालीं असेंच एक मोठें क्रीडोद्यान उघडलें, आणि मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना तें एका दिवसाच्या अंतरावर आहे. वर सांगितलेले नियम तेथेंहि तंतोतंत लागू पडतात. फक्त वैशाखांतलें ऊन आणि खोपोलीचा मुसळधार पाऊस हे दोन्ही टाळून थंडीचे दिवस निवडावे. सुट्टीचा दिवस टाळतां आला तर अर्धें काम झालें.

शेवटीं सासूबाईंच्या मूळ आक्षेपाला उत्तर दिलें पाहिजे: मुलाला काय कळतें? खरें आहे, दोन वर्षांच्या वयांतलें मोठेपणीं बहुधा कांहींच आठवत नाहीं. तो किल्ला, ती नाव, त्या बाहुल्या, सारें त्याच्या मनांतून पुसून जाईल. तें आईच्या मनांत राहील. धाकटें आल्यावर रात्रीच्या जागरणांत, थोरल्याच्या रुसव्याफुगव्यांत तिला आठवेल कीं, एक दिवस ती या मुलाबरोबर कोणतीहि घाई न करतां नावेंत बसली होती, आणि पोटांतलें बाळहि त्या वेळीं बरोबर होतें. एवढ्यासाठीं जावयाचें असेल तर चार खेळ पुरेसे आहेत. ते पाहून झाले कीं घरीं परतावें.